नानांचा ‘वात’ आणि फवारणीची वही : जुनाट कंबरदुखी व सांधेदुखीचे एक प्रकरण

दिंडोरी तालुक्यातील ५३ वर्षांचे एक द्राक्षबागायतदार गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकला माझ्या दवाखान्यात आले, तेव्हा त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत एमआरआयच्या फिल्म, गुडघ्याचे एक्स-रे आणि चार निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. दुसरीत चालू असलेली औषधे होती, आणि ती टेबलावर मांडल्यावर त्यांची संख्या अकरा भरली. घरी आणि गावी त्यांना नाना म्हणतात, म्हणून येथेही मी तसाच उल्लेख करतो. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

“सहा वर्षं झाली डॉक्टर, वात काही अंग सोडत नाही,” एवढ्या एका वाक्यात त्यांनी आपली तक्रार सांगितली आणि लगेच प्रश्न विचारला : “ऑपरेशन करू, इंजेक्शनं घेऊ, का पंचकर्म करू? गोडी छाटणीच्या आत काय ते एकदाचं सांगा.” गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाची फळे धरण्यासाठीची छाटणी, ऑक्टोबरमध्ये असते. म्हणजे निर्णयासाठी त्यांनी मला साधारण चार महिने दिले होते, आणि पुढे घडलेल्या सर्व गोष्टींना ही मुदत बांधलेली होती.

दुखणे एक की तीन?

‘वात’ या शब्दात नानांनी तीन दुखणी एकत्र बांधली होती : सहा वर्षांपासूनची कंबर, तीन वर्षांपासूनचा उजवा गुडघा आणि अलीकडे सकाळी आखडणारी बोटे. चारही चिठ्ठ्यांत ती एकत्रच धरलेली दिसली, आणि माझ्या मते पुढच्या गोंधळाचे मूळ तेथेच होते. म्हणून पहिल्या भेटीतला बराचसा वेळ मी ती सोडवण्यात घालवला.

बोटांचे उत्तर तुलनेने लवकर मिळाले. आखडलेपणा दहा मिनिटांत सुटत होता, सूज मुळाशी किंवा मनगटात नव्हती, तर नखांजवळच्या पेरांवर टणक गाठी होत्या. आमवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाहून, अनेकदा तासाहून अधिक टिकतो आणि शेवटची पेरे सहसा सुटतात. रक्तातील आमवाताच्या दोन्ही चाचण्या नकारार्थी आल्या, युरिक ॲसिड योग्य होते. चिकुनगुनिया होऊन गेला आहे का, हेही विचारले; २००६ च्या साथीत मालेगावकडे ज्यांनी तो काढला, त्यांच्यापैकी काहींचे सांधे पुढे कित्येक महिने धरलेले होते. नानांना तो झालेला नव्हता. छाटणीची कात्री तीस वर्षे चालवलेल्या हातांच्या सांध्यांची ती झीज होती आणि तिला नवीन गोळीची गरज नव्हती.

गुडघ्यात आतल्या बाजूला दुखत होते, उतरताना अधिक, आणि उकिडवे बसल्यावर उठताना हाताचा आधार लागत होता. आणलेला एक्स-रे झोपवून काढलेला होता. सांध्यातली फट खरोखर किती उरली आहे हे पाहायचे तर उभे राहून, पायावर भार देऊन फोटो काढावा लागतो. तसा काढल्यावर आतल्या कप्प्यातील फट मध्यम प्रमाणात अरुंद झालेली दिसली. ‘वंगण संपलं’ असे त्यांना सांगण्यात आले होते. सांधा म्हणजे ट्रॅक्टरचे बेअरिंग नव्हे. कूर्चा, हाड, आवरण आणि मांडीचा स्नायू या सर्वांचा तो व्यवहार आहे, आणि नानांची उजवी मांडी डावीपेक्षा मापाने दीड सेंटिमीटर बारीक झाली होती.

कंबरेसाठी आधी धोक्याच्या खुणा पाहिल्या. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीच्या भागाला बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना, यांपैकी काही असते तर हे प्रकरण वेगळ्या वाटेने गेले असते. आपल्याकडे मणक्याचा क्षयही ध्यानात ठेवावा लागतो, आणि घरी गुरे असणाऱ्या, कच्चे दूध पिणाऱ्या माणसात ब्रुसेलोसिससुद्धा. नानांच्या गोठ्यात दोन गाई आहेत, म्हणून तीही चौकशी झाली. यातले काहीच नव्हते. उजव्या अंगठ्याला अधूनमधून मुंग्या येत, पण टाचांवर आणि चवड्यांवर ते चालू शकत होते, पाय सरळ उचलल्यावर कळ येत नव्हती, घोट्याचा प्रतिक्षेप शाबूत होता.

एमआरआयच्या अहवालाने मात्र घरात धास्ती बसली होती. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती बाहेर फुगलेली आहे आणि चकत्यांची झीज झाली आहे, असे त्यात होते. तोंडी सांगताना त्याचे ‘मणक्यात गॅप’ झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय एकत्र करून पाहिले होते. पन्नाशीच्या वयात त्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना चकतीची झीज आणि ६० टक्क्यांना फुगवटा आढळला. अहवाल खोटा नव्हता, पण तो वेदनेइतकाच वयाचाही होता. गॅपच्या भीतीने नाना दोन वर्षे वाकणे टाळत होते, खताची गोणी उचलणे मुलावर गेले होते आणि ते लाकडी फळीवर झोपत होते. जुनाट कंबरदुखीत अतिकडक अंथरुणापेक्षा मध्यम कडक गादी बरी ठरल्याचे २००३ सालीच दिसून आले आहे. फळी त्याच आठवड्यात गेली. सर्वांत स्वस्त उपाय तोच होता.

मंडपाखालचा माणूस

चार डॉक्टरांपैकी कोणीही नानांना बागेत ते नेमके काय करतात, हे विचारले नव्हते. मीही पहिल्या भेटीत विचारले नाही. दुसऱ्या भेटीत त्यांच्या पत्नीने सांगितले म्हणून कळले. नानांची उंची पाच फूट दहा इंच आहे. जुन्या प्लॉटचा मंडप, म्हणजे वेली वर चढवण्यासाठी ओढलेल्या तारांचा सांगाडा, त्यांच्या वडिलांनी बांधला, आणि वडील साडेपाच फुटांच्या आत होते; तारा त्यांच्या हाताला सहज लागाव्यात अशा बेताने ओढलेल्या. तेव्हापासून नाना त्या मंडपाखाली मान आणि कंबर मोडून वावरत आहेत. फेलफुटी (नको असलेले फुटवे) काढताना, विरळणी करताना, घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढसंप्रेरकाच्या) द्रावणात बुडवताना हात वर, मान मागे आणि गुडघे किंचित वाकलेले, अशी स्थिती तासन्तास राहते.

दुसरी बाब ट्रॅक्टरची. छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने एक दिवसाआड, कधी रोज ब्लोअर (ट्रॅक्टरमागचे फवारणीयंत्र) फिरवावा लागतो. ट्रॅक्टरच्या कंपनांचा आणि कंबरदुखीचा संबंध व्यवसायजन्य आजारांच्या अभ्यासात चांगलाच प्रस्थापित आहे; त्यातच नानांच्या सीटचा फोम बसून खालचा पत्रा जाणवत होता. मागचा ब्लोअर पाहण्यासाठी वळून बसायची सवय उजवीकडेच होती.

अकरा औषधे आणि एक पुडी

औषधांपैकी दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत डायक्लोफिनॅकच होते, एक दवाखान्यातून आलेली, दुसरी मेडिकलमधून मागून घेतलेली. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकत्र असलेली गोळी चालू होती. या दोहोंवर वेदनाशामक पडले की मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.५, म्हणजे वाढलेले निघाले. नसांसाठी म्हणून प्रिगाबॅलिनही होते. पायात उतरणाऱ्या कळेसाठी ते फार लिहिले जाते, पण २०१७ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सायटिकावर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. उलट चक्कर येण्याचे प्रमाण वाढले. नानांना तर सायटिकाच नव्हती, आणि दुपारी ट्रॅक्टरवर डुलकी लागते ही तक्रार त्यांनी वेगळी म्हणून सांगितली होती.

अकरावी वस्तू म्हणजे बिनलेबलची पुडी. मळ्यांतून फिरणाऱ्या एका वैदूकडून ती घेतलेली. नाना तिच्याबद्दल सांगताना काहीसे अपराधी दिसले, कारण सर्वांत जास्त गुण तिनेच दिला होता : दोन दिवसांत कंबर, गुडघा, बोटे, सगळे मोकळे. भूक वाढली, चेहरा भरला, लोक तब्येत सुधारली म्हणाले. जेवणानंतरची साखर २१२ होती. वर्षभरापूर्वी ती ठीक होती. पुडीची तपासणी करून घेतलेली नाही, त्यामुळे तिच्यात स्टेरॉइडच होते असे मी ठामपणे म्हणणार नाही; पण तिन्ही वेगळी दुखणी एकाच वेळी इतक्या झटपट थांबवणारी आणि चेहरा फुगवणारी दुसरी वस्तू मला सुचत नाही. अशी पुडी अनेक महिने घेतलेल्या माणसाने ती एकदम बंद करणे धोक्याचे असते, कारण शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल तयार होणे मंदावलेले असते. सकाळी आठचे कॉर्टिसॉल तपासले, ते योग्य आले (पुडी सलग न घेता महिन्यातून आठ-दहा दिवस घेतली होती), आणि मग ती थांबवली.

वही

येथपर्यंत निदान झाले होते. उपचाराची निवड झाली नव्हती. ती कशी करायची, हे नानांच्याच धंद्याने सुचवले. त्यांची द्राक्षे निर्यातीला जातात. बाग ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत) नोंदलेली असल्याने प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, प्रमाण आणि पीएचआय (फवारणी ते काढणी यांत ठेवायचे दिवस) वहीत लिहावा लागतो. हिशेब चुकला तर अवशेषांच्या तपासणीत माल नाकारला जातो. नवे औषध ते आधी दोन ओळींवर मारून पाहतात. मी विचारले, “नाना, दोन नवी औषधं एकाच टाकीत कालवून पहिल्यांदाच सगळ्या बागेवर माराल का?” ते हसले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “सहा वर्षं तेच केलं म्हणा की.”

म्हणून दोनशेपानी वही घातली. त्यात रोज रात्री कंबर आणि गुडघा यांना शून्य ते दहा असे वेगवेगळे गुण, आणि त्याशिवाय तीन कामांची मोजणी : ट्रॅक्टरवर किती मिनिटे सलग बसवते, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते आणि घर ते विहीर हे अंतर न थांबता होते का. दोन गुणांपेक्षा कमी फरक असेल तर तो धरायचा नाही, कारण अशा मोजपट्टीवर साधारण दोन गुणांचा, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपासचा फरकच रुग्णाला खराखुरा जाणवतो. एका वेळी एकच बदल करायचा. हा शेवटचा नियम मीच तिसऱ्या आठवड्यात मोडला. गुडघ्यावर लावायचे जेल आणि पॅरासिटामॉल एकाच दिवशी लिहून दिले, आणि पुढच्या भेटीत नानांनी वही पुढे सरकवून ते लक्षात आणून दिले. पॅरासिटामॉल काढले, कंबरदुखीवर त्याचा उपयोग तसाही संशयास्पदच आहे.

पहिली दोन पाने वाईट होती. पुडी आणि डायक्लोफिनॅकच्या गोळ्या बंद झाल्यावर कंबर सहावरून आठवर गेली, आणि अकराव्या दिवशी मुलाचा फोन आला की वडील पुन्हा पुडी आणायला निघाले आहेत. हा टप्पा येणार हे मी आधी सांगितले होते, तरी तो निभावला तो काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने. त्यांनी वैदूचा मोबाइल नंबर नानांच्या फोनमधून काढून टाकला होता. तिसऱ्या आठवड्याअखेर कंबर सहावर परतली. रक्तदाबाची गोळी बदलली, आणि सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ आले. डायक्लोफिनॅकचे जेल फक्त गुडघ्यावर लावायचे होते. कातडीतून रक्तात जाणारे प्रमाण गोळीच्या तुलनेत अगदी थोडे असते. गुडघा सहावरून चारवर आला. कंबरेला जेलचा काही उपयोग झाला नाही.

पर्याय तोलताना

शस्त्रक्रियेविषयी नानांकडे दोन मते होती : एका सर्जनने ‘लगेच’ म्हटले होते, दुसऱ्याने ‘गरज नाही’. दोघेही शिकलेले, म्हणून गोंधळ अधिक. मी त्यांना एवढेच समजावले की चकतीची शस्त्रक्रिया मुख्यतः दबलेल्या नसेमुळे पायात उतरणाऱ्या वेदनेसाठी असते, कंबरेतल्या कंबरेत दुखण्यासाठी नव्हे. खरी सायटिका असलेल्या रुग्णांतसुद्धा, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर थांबलेले आणि कापलेले असे दोन्ही गट सारखेच होते. नानांच्या अंगठ्याला मुंग्या होत्या, कळ नव्हती, कमजोरी नव्हती. पाऊल उचलणे जड झाले तर त्याच दिवशी यायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले.

गुडघा बदलण्याची वेळ तर आलेलीच नव्हती. ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर सरकारने मर्यादा आणल्यापासून ‘आता स्वस्त आहे, करून टाका’ असे सल्ले ऐकू येतात. साध्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची तेव्हाची मर्यादा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी होती, आणि शस्त्रक्रिया, खोली, फिजिओ यांचा खर्च त्यात नाही. पण प्रश्न किमतीचा नव्हता. कृत्रिम सांधा झिजतो, आणि पन्नाशीत बसवलेला सांधा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सत्तरीत बसवलेल्यापेक्षा अधिक असते.

इंजेक्शनांचा मोह मोठा होता, कारण ती ‘एकदाची’ वाटतात. ‘वंगणाच्या’ इंजेक्शनाचा सरासरी फायदा किरकोळ आहे. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीचे दर ऐकून नानांनी एक एकराच्या खताशी तुलना केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या २८८ रुग्णांच्या चाचणीत ते गुडघ्यात मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, हे खरे. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे दिल्यावर कूर्चा अधिक झिजली आणि वेदनेत फरक पडला नाही, असे २०१७ मध्ये दिसले. साखर चढलेली असताना ते मला नकोच होते.

पंचकर्माबाबत नाशिककरांना परके वाटण्याचे कारण नाही. गणेशवाडीतले आयुर्वेद महाविद्यालय पंचवटीच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. नाना ज्या वैद्यांकडे गेले, त्यांनी आधी पुडी बंद केली का हे विचारले आणि मगच सात दिवसांची कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल धरून ठेवण्याचा उपचार) ठरवली, याचे मला समाधान वाटले. माझी अट एकच होती : ती दहाव्या आठवड्यात, दुसरे काही न बदलता करायची. त्या आठवड्यात कंबर तीनवर आली आणि दहा दिवसांत पुन्हा चारवर गेली. ‘बरे वाटते, टिकत नाही,’ असे नानांनी वहीत लिहिले, आणि त्याखाली ‘काढणीनंतर पुन्हा करणे’ हेही लिहिले. मला यात विसंगती वाटत नाही. ऊब, तेल आणि सात दिवस आडवे पडण्याची परवानगी यांची किंमत त्यांनी स्वतः ठरवली.

कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कमरेला ताण देण्याचा उपचार) मी सोडायला सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर प्रथमच मार्गदर्शक सूचना काढल्या; त्यांत पट्टे आणि ट्रॅक्शन यांची शिफारस नाही, तर व्यायाम, आजाराविषयी समजूत देणे, मानसोपचाराच्या काही पद्धती, मालिश आणि जपून दिलेली वेदनाशामके यांना जागा आहे.

राहिला व्यायाम, आणि तेथेच सर्वांत मोठा वाद झाला. “दिवसभर मरमर करतो डॉक्टर, आणखी व्यायाम कशाला?” हा प्रश्न चुकीचा नाही. बागेत नानांच्या शरीराला काम भरपूर होते, पण तेच ते, एकाच कोनात, थकवा आला तरी न थांबणारे. मांडीचा पुढचा स्नायू, नितंब आणि पोटाचा खोल स्नायू यांना क्रमाने वाढणारा भार त्या कामात मिळत नव्हता. उलट दुखरा उजवा पाय वाचवत राहिल्याने मांडी बारीक होत गेली होती. फिजिओथेरपिस्टने चारच व्यायाम दिले आणि खताची अर्धी भरलेली गोणी उचलण्याचा सराव त्यात मुद्दाम घातला, कारण भीती तिच्यातच दडली होती. पाचवा व्यायाम म्हणजे संध्याकाळी अर्धा तास चालणे. कंबरदुखीतून उठलेल्यांना चालण्याचा कार्यक्रम दिल्यावर दुखणे उलटेपर्यंतचा काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला, असे २०२४ मध्ये ७०१ जणांच्या अभ्यासात आढळले आहे. वजन ८८ किलो होते. एक किलो घटले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. हा हिशेब नानांना आवडला आणि रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक झाली.

छाटणीनंतर

सप्टेंबरअखेर गुडघा तीन, कंबर चार, खुर्चीवरून उठणे नऊवरून चौदा, ट्रॅक्टरवरची बैठक ३५ मिनिटांवरून ७० मिनिटांवर, वजन ८३. बैठक वाढण्याचे श्रेय व्यायामाचे किती आणि सप्टेंबरमध्ये बसवलेल्या स्प्रिंगच्या नव्या सीटचे किती, हे वहीतून सांगता येत नाही. तेथे दोन बदल पुन्हा एकत्र झाले.

छाटणी झाली आणि पाऊस लांबला. ब्लोअर सलग नऊ दिवस फिरला, कंबर सातवर गेली. त्या वेळी मूत्रपिंडाची तपासणी चांगली असल्याने एकाच वेदनाशामकाच्या तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, चौथ्या दिवशी त्या थांबल्या, आणि फवारणीची निम्मी पाळी मुलाने घेतली. कंबर पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. अशी चढ पुन्हा येणार, हे नाना आता गृहीत धरतात.

चैत्रात ते वणीच्या गडावर गेले. सप्तशृंगीच्या पायऱ्या सुमारे ५०० आहेत. वर चढून गेले आणि खाली ट्रॉलीने आले, कारण गुडघ्याला उतरणे जड जाते. गेल्या आठवड्यात तपासले तेव्हा गुडघा तीन, कंबर तीन ते चार, जेवणानंतरची साखर १३८ होती. बोटांच्या गाठी तशाच आहेत. अंगठ्याच्या मुंग्या कायम आहेत आणि पावलाची ताकद दर तीन महिन्यांनी पाहायची असे ठरले आहे.

जुना मंडप उचलणे परवडणारे नाही. पण एका प्लॉटवरची म्हातारी झालेली वेल काढून नवी लागवड चालू आहे, आणि तेथे लोखंडी अँगल रोवताना तारांची उंची किती ठेवायची यावर घरात चर्चा झाली. मुलगा नानांपेक्षा दोन इंचांनी उंच आहे. माप त्याचे घेतले.